सारखा टॅब मारतो, म्हणजे मला कमांड येत नाहीत का?

प्रश्न : गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारा २५ वर्षांचा आहे, बीएस्सी झालाय, दीड वर्षापासून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. काम म्हणजे लिनक्स सर्व्हरवर लक्ष ठेवणं, लॉग बघणं, रोजचे रिपोर्ट जागच्या जागी नेऊन ठेवणं. तो लिहितो, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मी दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब मारतो आणि पुढचं नाव आपोआप येतं, पण एकदा स्क्रीन शेअर चालू असताना सिनियर म्हणाले की तुला एक नाव धड पूर्ण लिहिता येत नाही का, सारखा टॅब काय मारतोस, आणि बाकीचे हसले. तेव्हापासून त्याने टॅबला हात लावायचा नाही असं ठरवलं, कमांड आणि पाथ (फाईलींचे पूर्ण पत्ते) वहीत लिहून पाठ करायला लागला. घरी बाबांचंही म्हणणं तेच, ज्याला येतं त्याला विचारावं लागत नाही. मग एके दिवशी आठवड्याचे पाच रिपोर्ट बॅकअप नावाच्या फोल्डरमध्ये हलवताना त्याने हाताने "बॅकप" लिहिलं, पाचातले चार रिपोर्ट गायब झाले, आणि सिनियरना त्याने सांगितलं की रेंज गेली, कनेक्शन तुटलं, त्यात गडबड झाली. चारही रिपोर्ट नंतर मुख्य सर्व्हरवरून परत मिळाले. पण मनाला लागून राहिलंय, पाठांतर कमी पडलं म्हणून चूक झाली असं त्याला वाटतं. सहा महिन्यांनी दुसरीकडे इंटरव्ह्यू द्यायचेत, तर टॅबची सवय कायमची मोडावी का, असं तो विचारतोय. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "काकांची होडी आहे, ते म्हणतात जमत नसेल तर ये माझ्याबरोबर."

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू लिहिलंयस की चूक झाली कारण पाठांतर कमी पडलं, आणि मला अगदी उलटं दिसतंय. चूक झाली त्या दिवशी तू टॅब मारला नव्हतास. सगळ्या पत्रात हेच एक वाक्य तू घाईघाईत लिहून पुढे गेलायस, म्हणून आधी तिथेच थांबूया, कारण तिथे नेमकं काय झालं हे तुलाही अजून नीट कळलेलं नाही असं वाटतं.

फाईल हलवायला तू वापरलेली एमव्ही ही कमांड दोन कामं करते. शेवटी दिलेलं नाव जर असलेल्या फोल्डरचं असेल तर ती फाईल त्याच्या आत नेऊन ठेवते, आणि त्या नावाचं काहीच नसेल तर तिला वाटतं की तुला फाईलचं नाव बदलायचंय. बॅकप नावाचं फोल्डर नव्हतंच, त्यामुळे सोमवारचा रिपोर्ट "बॅकप" नावाची फाईल झाला. मग तू वरचा बाण दाबून तीच कमांड परत आणलीस, सोमवारच्या जागी मंगळवार केलंस आणि एंटर मारलास, म्हणजे चुकीचं नाव तसंच राहिलं, आणि मंगळवारचा रिपोर्ट सोमवारच्या डोक्यावर जाऊन बसला. बुधवारचा मंगळवारवर. असं करत शुक्रवारपर्यंत. पाच वेळा मशीनने हूं की चूं केलं नाही कारण तिच्या लेखी काही चुकलंच नव्हतं, शेवटी एकच फाईल उरली, नाव बॅकप, पोटात शुक्रवारचा रिपोर्ट. रेंजचा यात काही संबंध नाही.

आता हेच टॅब मारून केलं असतंस तर काय झालं असतं बघ. "बॅ" लिहून टॅब मारला की शेल, म्हणजे तुझ्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या ठिकाणी खरोखर काय आहे ते बघते, बॅकअप नावाचं फोल्डर सापडतं, ती नाव पूर्ण करते आणि शेवटी एक तिरकी रेघ लावते. ती रेघ म्हणजे हे फोल्डर आहे याची खूण. फाईल असती तर रेघेच्या ऐवजी एक स्पेस सुटली असती. आणि समजा रेघेसकट नाव चुकीचं पडलं असतं तरी एमव्हीने नाव बदललं नसतं, असं फोल्डर नाही म्हणून एरर देऊन थांबली असती. म्हणजे तुझे चार रिपोर्ट एका तिरक्या रेघेने वाचले असते. हे मी तुला खिजवायला सांगत नाहीये हां, टॅब नेमकं काय करतं ते यातून दिसतं म्हणून सांगतेय.

बहुतेकांना वाटतं टॅब म्हणजे टायपिंग वाचवायची सोय, आळशी माणसाचं बटण. तुझ्या सिनियरनाही तेच वाटलं असणार, आणि तुलाही तेच वाटतं, म्हणून तुला लाज वाटली. टायपिंग वाचतं हे खरंच आहे, पण माझ्या मते तो त्याचा लहानसा फायदा. टॅब मारणं म्हणजे मशीनला विचारणं, की मला जे वाटतंय ते इथे आहे का? नाव पूर्ण झालं तर आहे. नाही झालं तर तीच खरी बातमी आहे, तिथेच थांबायचं, पुढे हाताने नाव रेटायचं नाही. कदाचित तू भलत्याच फोल्डरमध्ये उभा असशील, कदाचित फाईलचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल, कदाचित तुला ते फोल्डर वाचायची परवानगी नसेल, किंवा चुकून दुसऱ्याच सर्व्हरवर लॉगिन असशील. ओळीतला पहिला शब्द असेल तर शेल फाईली नाही बघत, कमांड बघते, तिथे पूर्ण झालं नाही तर तो प्रोग्राम त्या मशीनवर बहुतेक बसवलेलाच नाही. हे सगळं एंटर मारायच्या आधी कळतं, आणि एंटर मारायच्या आधी कळण्याला आपल्या कामात फार किंमत आहे.

तुझ्या काकांचा विषय तूच काढलास म्हणून विचारते. पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा होडी खाडीच्या तोंडाशी नेताना ते काठी टाकून पाण्याचा ठाव घेतात की नाही? आयुष्य गेलंय त्यांचं त्या पाण्यात, तरी घेतात, कारण पाऊस झाला की वाळू सरकते, गेल्या वर्षी जिथे पुरुषभर पाणी होतं तिथे यंदा गुडघाभर असू शकतं. त्यांना खाडी पाठ नाही म्हणून ते काठी टाकत नाहीत. खाडी कशी वागते हे त्यांना पक्कं माहीत आहे म्हणून टाकतात. सर्व्हरचं तसंच आहे रे, काल असलेलं फोल्डर आज कोणीतरी हलवलेलं असतं, लॉगचं नाव रोज बदलतं, नवीन व्हर्जन आलं की पाथ बदलतो, आणि तू वहीत लिहून पाठ केलेलं गेल्या महिन्याचं असतं. बाबा म्हणतात ज्याला येतं त्याला विचारावं लागत नाही, ते पाढ्यांच्या बाबतीत खरं आहे, सात आठ छप्पन्न कधी बदलत नाही. पण फाईलींची नावं म्हणजे पाढे नाहीत.

आणि आपल्याला, म्हणजे मराठीत फाईलींना नावं देणाऱ्यांना, टॅबची गरज जरा जास्तच आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर काही दिवसांनी एका ओळखीच्या संस्थेच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क माझ्याकडे आली, वाळवून, पुसून, कशीबशी चालू झालेली. त्यात "शेतकऱ्यांची यादी" अशी एक फाईल होती आणि तीच त्यांना सगळ्यात आधी हवी होती. मी नाव टाइप करून कॉपी करायला गेले, उत्तर आलं अशी फाईल नाही. एलएस (फोल्डरमधली नावं दाखवणारी कमांड) करून बघितलं तर समोर दिसतेय. परत टाइप केलं, परत नाही. डिस्क कधी दम तोडेल सांगता येत नव्हतं, हात घामाने ओले झालेले, मग "शेतक" एवढंच लिहून टॅब मारला आणि नाव झटकन पूर्ण आलं, कॉपी झाली. कारण नंतर निवांत बसून शोधलं. एक तर दोन शब्दांच्या मध्ये एक नाही दोन स्पेस होत्या, टॅबने नाव भरल्यावर दोन उलट्या तिरक्या रेघा शेजारी शेजारी दिसल्या (शेल प्रत्येक स्पेसच्या आधी एक घालते) तेव्हा ते लक्षात आलं. दुसरं म्हणजे "ऱ्या". हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, मशीनला मात्र ती दोन वेगळी नावं. माझ्या कीबोर्डवरून पहिलं पडत होतं, फाईलीत दुसरं होतं. मी ते नाव जन्मभर पाठ केलं असतं तरी ती फाईल मला उघडता आली नसती. टॅब डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं उचलून आणतं, त्याला माझं शुद्धलेखन काय आणि कीबोर्ड काय, कशाशीच घेणं नाही. दऱ्या, किनाऱ्या, कोऱ्या, वाऱ्याचा वेग, असलं काहीही नावात असेल तर हाताने लिहायच्या भानगडीत पडू नकोस.

लहान मुलांची सोय आहे असं कोणी म्हणालं तर तुझ्यापाशी उत्तर असावं म्हणून सांगते, ही गोष्ट पन्नासहून जास्त वर्षं जुनी आहे. अमेरिकेत बीबीएन कंपनीत १९७० च्या सुमारास टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम तयार झाली, तिच्यात अर्धवट कमांड लिहून एस्केप दाबलं की उरलेली मशीन भरायची. ते बघून केन ग्रीअरने कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७५ मध्ये फाईलींच्या नावांसाठी तसाच कोड लिहायला घेतला, पुढे तो सी शेलमध्ये गेला आणि टीसीशेल झालं, त्यातला टी हा टेनेक्सचा. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सचं बॅश आलं, जे तू रोज वापरतोस. आता ही माणसं काही कच्ची नव्हती ना.

तरी सिनियरच्या बोलण्यात एक मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. हसणं चुकीचं होतंच, पण सारखा टॅब मारणं हे जर आंधळेपणाने होत असेल, म्हणजे काय करायचंय हे ठरवायच्या आधीच टॅबटॅबटॅब करून समोर येईल त्यातलं काहीतरी उचलायचं, तर ते धोक्याचं आहे. टॅबला एवढंच माहीत असतं की हे नाव इथे आहे. तुला हवं ते हेच का, हे त्याला माहीत नसतं. समजा एका फोल्डरमध्ये "रिपोर्ट" आणि "रिपोर्ट-जुने" अशी दोन फोल्डरं आहेत आणि तुला जुने काढून टाकायचेत. आरएम मायनस आर (फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसायची कमांड) लिहून "रि" आणि टॅब, शेल "रिपोर्ट" पर्यंत भरून थांबते, कारण दोघांत सारखं तेवढंच आहे. घाईत असलेल्या माणसाला वाटतं झालं पूर्ण, तो एंटर मारतो, आणि चालू महिन्याचे रिपोर्ट जातात. इथे खूण परत तीच, शेवटी तिरकी रेघ आली का? नाही आली म्हणजे शेल म्हणतेय की मला अजून नक्की कळलेलं नाही, बाबा तूच सांग. तेव्हा टॅब परत मारायचा, खाली यादी येते, ती वाचायची, मग पुढचं एक अक्षर द्यायचं. टॅब मारल्यावर अर्धा सेकंद ओळीच्या शेवटाकडे बघायचं, एवढी एकच सवय लावून घे, बाकी सगळं आपोआप येतं.

पुसायची कमांड असेल तर मी अजूनही सरळ आरएम लिहीत नाही. आधी एलएस लिहिते, टॅबने नाव भरते, एंटर मारून आत काय आहे ते डोळ्यांनी बघते, मग वरचा बाण दाबून ओळ परत आणते आणि फक्त एलएसच्या जागी आरएम करते, फोल्डर असेल तर आरएम मायनस आर. दहा सेकंद जातात, जाऊ देत. स्टार (कुठलंही नाव चालेल अशी खूण) वापरून बऱ्याच फाईली एकदम उडवायच्या असतील तर बॅशमध्ये स्टार लिहून झाल्यावर कंट्रोल एक्स दाबून मग स्टार दाब, स्टारच्या जागी सगळी खरी नावं ओळीत येऊन पडतात. नको ते नाव त्यात दिसलं तर कंट्रोल सी. आणि एमव्हीला मायनस आय लावायची सवय कर, कशावर काही लिहिलं जाणार असेल तर ती आधी विचारते.

तुझ्यासारखे बरेच जण गावातून काम करतात, दापोली, देवगड, मालवण, कुठूनही, त्या सगळ्यांची अडचण एकच, पाऊस सुरू झाला की लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. एसएसएचवर, म्हणजे लांबच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करताना, तू दाबलेलं प्रत्येक अक्षर सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतं तेव्हा स्क्रीनवर दिसतं, रेंज कमी असली की ते रखडत येतं, तिथे चाळीस अक्षरांचा पाथ टाइप करण्यापेक्षा सहा अक्षरं आणि टॅब केव्हाही बरं. पण अशा वेळी टॅबचं उत्तरही उशिरा येतं हे विसरायचं नाही. काही दिसत नाही म्हणून चार वेळा टॅब मारून वर एंटर मारलास तर ते सगळं रांगेत उभं राहतं आणि रेंज आल्यावर एकदम सुटतं. थांब, उत्तर येऊ दे. आणि टीमक्स वापरत नसशील तर आजच शिकून घे, कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं, परत लॉगिन करून जिथे होतास तिथेच जाऊन बसतोस.

दोन सेटिंग करून टाक. होम फोल्डरमध्ये डॉट इनपुटआरसी नावाची फाईल असते, नसेल तर बनव, त्यात कंप्लीशन-इग्नोर-केस ऑन केलंस की स्मॉल-कॅपिटलचा फरक टॅब मनावर घेत नाही, आणि शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन केलंस की एकाच टॅबला यादी दिसते, दुसरा मारावा लागत नाही. गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) ब्रँचची नावं टॅबने येत नसतील तर बॅश-कंप्लीशन हे पॅकेज बसवलेलं आहे का ते बघ.

मग पाठ काहीच करायचं नाही का? करायचं की. रोजच्या वीस-पंचवीस कमांड हातात बसलेल्या हव्यात, त्यांचे नेहमीचे पर्याय हवेत, कारण सगळीकडे टॅब चालेल असं नाही. काही ठिकाणी नुसतं डॅश नावाचं साधं शेल असतं, तिथे टॅब मारलास तर नाव भरत नाही, नुसती मोकळी जागा पडते. स्क्रिप्ट लिहिताना शेल तुझ्या मदतीला नसते. म्हणून ती वही फेकू नकोस, फक्त तिच्यात पाथ लिहिणं बंद कर. तिथे लिही की एमव्ही कधी हलवते आणि कधी नाव बदलते, डिस्क भरली तर आधी काय बघायचं, परवानगी नाही असं आलं तर कुठून शोधायला सुरुवात करायची. इंटरव्ह्यूमध्ये जाणता माणूस हेच विचारतो. समोर टर्मिनल दिलं तर खुशाल टॅब मार, लपवू नकोस, आणि नाव पूर्ण झालं नाही तर मोठ्याने बोल की हे इथे दिसत नाही, मी कुठे आहे ते आधी बघतो. मी स्वतः माणसं निवडायला बसते तेव्हा मला हे ऐकायला आवडतं.

राहिलं सिनियरना सांगितलेलं खोटं. आपल्याकडे रेंज गेली म्हटलं की कोणीही विश्वास ठेवतं, त्यामुळे ते पचलंही. पण आता त्यांच्या डोक्यात असं बसलंय की गावातून काम करणाऱ्याचं कनेक्शन तुटतं आणि फाईली जातात, आणि उद्या दुसऱ्या कोणा मुलीला घरून काम हवं असेल तेव्हा हे उदाहरण पुढे येईल. शिवाय त्या सर्व्हरवर हीच चूक उद्या दुसरा कोणी करू शकतो. तेव्हा फोन कर, मेसेज नको, आणि सरळ सांग की त्या दिवशी रेंज नव्हती गेली, माझ्याकडून नाव चुकीचं पडलं, एमव्हीने एकावर एक लिहिलं, आता मी हे असं असं करतो. ओरडतील कदाचित. ओरडले तरी पाच मिनिटं, आणि कशामुळे झालं हे तुला नेमकं सांगता येतंय हेही त्यांना ऐकू जाईलच. काकांबरोबर रविवारी होडीतून जरूर जा, पण काम जमत नाही म्हणून नको जाऊस.

ती बॅकप नावाची फाईल अजून तिथेच पडलेली असेल, तीत शुक्रवारचा रिपोर्ट आहे. फोन करायच्या आधी ती जागेवर लाव. एमव्ही मायनस आय लिही, मग "बॅ" आणि टॅब, "बॅक" पर्यंत येऊन थांबेल, परत टॅब, खाली दोन नावं दिसतील, एकाच्या शेवटी तिरकी रेघ असेल, एकाच्या नसेल. बिनरेघेची ती तुझी फाईल, "प" दे, टॅब मार, स्पेस सुटली ना बघ. मग पुन्हा "बॅक", "अ", टॅब, रेघ येऊ दे, तिच्यापुढे रिपोर्टचं खरं नाव हाताने लिही, तारखेसकट, कारण ते नाव तिथे अजून नाहीये आणि टॅबला ते माहीत असायचं कारण नाही. ओळ एकदा पहिल्यापासून वाच. मग एंटर.